मुरमाची वाट, चौदा किलोमीटर

सायकलच्या कॅरियरवर ज्वारीचं एक पोतं, वजन त्रेचाळीस किलो. पोत्याखाली चार पदरी गोधडी. पोतं बांधायला सुताच्या दोन दोऱ्या. हँडलला फडक्याने तोंड बांधलेला पाण्याचा तांब्या. पिशवीत एक पंप आणि पंक्चरची तीन ठिगळं.

बन्सीने सगळं पुन्हा एकदा मोजलं आणि कडूबाकडे पाहिलं.

"किती वाजले?"

"चार वाजून आठ मिनटं," कडूबा म्हणाला. त्याने शेजाऱ्याचं मनगटी घड्याळ मागून आणलं होतं. तो स्वतःची सायकल घेऊन मागून येणार होता.

"चार दहाला निघू."

"दोन मिनटांनी काय खुलताबाद लांब जातंय का?"

बरोबर दहाला बन्सीने पायडल मारलं.

चैत्रातल्या जत्रेत ओझ्याची शर्यत व्हायची. कॅरियरवर चाळीस किलोचं पोतं घ्यायचं आणि मुरमाच्या वाटेने गावातून खुलताबाद गाठायचं. डांबरी सडकेने तेच अंतर बावीस किलोमीटर होतं, मुरमाच्या वाटेने चौदा. बन्सीने कडूबाला एवढंच सांगितलं होतं, की दीड तासाच्या आत होतं का ते बघायचं आहे. शर्यतीचा सराव असेल म्हणून कडूबाने जास्त विचारलं नाही. पौष महिन्यापासून बन्सी घरातच बसून होता, सायकलीला त्याने हात लावला नव्हता. तो बाहेर पडला हेच पुष्कळ होतं.

पहिले चार किलोमीटर वाट सपाट होती. नांगरलेली रानं मागे पडली. मग सीताफळाची झुडपं सुरू झाली आणि चढ लागला. मुरूम सुटा होता. मागचं चाक घसरायचं आणि चाकाखालचे खडे उडून कडूबाच्या नडगीला लागायचे.

चढावर बन्सीचा वेग कमी झाला नाही. पण उतार आला की तो ब्रेक दाबायचा. प्रत्येक दगड चुकवायचा, खड्डा आला की उतरून सायकल हाताने धरून न्यायचा.

"आरं, उतारावर तर सोड!" कडूबा ओरडला. "ज्वारीला काय दुखतंय व्हय?"

"जाऊ दे हळूच."

"आन तीन किलो जास्तीचं कशाला घेतलंस? चाळीस लागतंय."

"असू दे."

सहाव्या किलोमीटरला बन्सी थांबला. सायकल झाडाला टेकवली, एक हात पोत्यावर ठेवला आणि तोंडातल्या तोंडात एकशे वीसपर्यंत आकडे मोजले. त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता, पण तांब्याचं फडकं त्याने सोडलं नाही.

"शर्यतीत कुणी थांबतं का लेका? पानी तरी पी. का पोत्याला तहान लागलीय?"

बन्सीने पुन्हा टांग मारली.

ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं. काठावर आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, सात दगड, शेंदूर लावलेले. कडूबाने चपला काढून हात जोडले. बन्सी त्यांच्याकडे न बघता सायकल पाण्यातून घेऊन गेला. पलीकडच्या काठावर तो पुन्हा थांबला, पुन्हा एकशे वीस.

शेवटचे तीन किलोमीटर खडा चढ होता. कडूबा उतरून चालू लागला. बन्सी सीटवरून उठला, हँडलवर वाकला आणि पायडल मारत राहिला. मोठमोठ्याने श्वास घेत होता, पण उतरला नाही. खुलताबादची तटबंदी दिसली तेव्हा कडूबा पुन्हा सायकलवर बसला आणि त्याच्या बरोबरीला आला.

"जत्रेचं मैदान डावीकडं!"

बन्सी उजवीकडे वळला. दवाखान्याच्या फाटकाला त्याने पुढचं चाक टेकवलं. कडूबाने घड्याळ पाहिलं, खिशातलं बॉलपेन काढलं आणि हिशेब करून तळहातावर लिहिलं.

"बन्सी, लई भारी—"

"आत्ता नको सांगू."

वऱ्हांड्यात नर्स शैलाबाई कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. त्यांना ओळख पटायला वेळ लागला नाही. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला.

"बन्सी ना तुम्ही? बसा. पाणी देते."

"नको बाई. एक विचारायचं होतं." बन्सी पायरीशीच उभा राहिला. "पौषात माझ्या बायकूला, आवडाला आणलं तवा तुमी म्हनला होता, अर्धा तास आधी आणली असती तर आई न् लेकरू दोघंबी वाचली असती."

शैलाबाई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तसं बोलायला नको होतं."

"खरं होतं का?"

त्यांनी मान हलवली. होय म्हणूनच.

"सडकेनं आणलं मी. चार दहाला निघालो, बरोबर दोन तास लागले." बन्सीने कपाळावरचा घाम पुसला. "ह्या वाटेनं आणणार होतो. कडूबा म्हनला, पोटुशी बाई आसरांपुढनं नेऊ नको, बाधा हुईल, सडक चांगली हाय. आईबी तेच म्हनली. मलाबी वाटलं, मुरमात सायकल घसरंल, तिला गचके बसतील. म्हनलं एकदा बघावं, ही वाट जवळची होती का नुसती वाटत होती. तुमी काट्यावर घेतली तवा ती त्रेचाळीस भरली होती."

फाटकाशी कडूबाने सायकल सोडून दिली होती. ती आडवी पडली होती आणि तिचं चाक अजून फिरत होतं.

बन्सी त्याच्याकडे वळला. "हळू आणलं ना रं मी? उतारावर सोडलंच नाय. दोनदा थांबलो, तिनं पानी मागितलं असतं म्हनून. दीड तासाच्या वर गेलं आसंल ना?"

"व्हय," कडूबा म्हणाला. त्याने मूठ आवळली. "वर गेलं. लई वर गेलं."

"दाव."

"बन्सी, चल घरी."

बन्सीने त्याचं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवलं. घामाने शाई पसरली होती, पण आकडे वाचता येत होते.

एक तास एकवीस मिनिटं.