सरांचा दात

तुटलेल्या दातावर रुमाल धरून गणिताचे सर दवाखान्यात शिरले आणि डॉक्टरबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. शाळा सोडून वीस वर्षं झाली होती, तरी सरांना ‘तोंड उघडा’ म्हणताना त्यांची बोबडी वळली.

“नस उघडी पडलीय, सर. औषध लावून झाकते. ते घट्ट होईपर्यंत थुंकी लागली, तर दात गेलाच समजा,” असं सांगून त्यांनी सरांच्या तोंडात कापूस भरला.

मशीन घरघरलं, तसा सरांना दरदरून घाम फुटला. औषध लागतं न लागतं तोच त्यांनी हळूच करंगळी वर केली.



“बसा जागेवर,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “तास संपल्यावर जा.”