हसरा फोटो

दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्या सेक्टरात अपंगांच्या कोट्यातला एसटीडी बूथ मिळवायचा, तर प्रणिताला अपंगत्वाचा दाखला हवा होता, आणि दाखल्याच्या अर्जावर पोलिओचा पाय दिसेल असा फोटो. "तोंड जरा पाडून बस," सचिवालयात हयात घालवलेले अण्णा स्टुडिओत लेकीला म्हणाले होते, "दया आली की फाइल पळते." तिनं दोन फोटो काढून घेतले: एक अण्णांसाठी तोंड पाडून, एक स्वतःसाठी खळखळून हसून. अर्जावर मात्र हसराच चिकटवला. खिडकीतल्या बाबूनं अर्ज परत सरकवला. "इसमें तो आप हँस रही हैं! विकलांग कहाँ लगती हैं?" अण्णांनी घाईघाईनं खिशातून दुसरा फोटो काढला. प्रणितानं तो घेऊन बाबूसमोरच फाडला. "फोटो पहचान के लिए होता है ना?" कुबडी सावरत ती ताठ उभी राहिली, फोटोतल्यासारखीच खळखळून हसली. "तो पहचानिए."