कच्चा बोंबील

"अत्तर कशाला आणलंस? बाबांनी जन्मभर बोंबील सुकवलेत!" मोऱ्या बहिणीवर खेकसला.

"मग हॉस्पिटलात मासळी आणू?" चांगुणा म्हणाली.

ऑपरेशनच्या टेबलावर त्यांचे बाबा, हिरोजी, जागेच होते. एका नाकपुडीतून आत गेलेली मशीनची दुर्बीण काळी बुरशी खरवडत होती. घरचा वास त्यांनी ओळखला तर मशीन तिथेच थांबणार होतं. नाहीतर बुरशी आतवर पसरली असं धरून मशीन डोळाही काढणार होतं. अत्तर त्यांना ओळखता आलं नाही.

मोऱ्याने खिशातला बोंबील दुसऱ्या नाकपुडीशी धरला. हिरोजींनी हळूच हुंगलं.

"ओलाच आहे रे," हिरोजी पुटपुटले. "सगळे कच्चेच उतरवलेस? बुरशी धरेल त्यांना."

मशीन थांबलं. चांगुणा रडायला लागली.

"परत वाळायला वलांडीच्या बांबूंवर टांगतो, बाबा," मोऱ्या म्हणाला. "मला आता निघायलाच पाहिजे."