छपरावरचं पातळ

विमानाचा आवाज आला तेव्हा सारजा शिडीवर होती. वैशाखी पौर्णिमेला विहारात नेसायचं पांढरं पातळ तिने पत्र्याच्या छपरावर पसरलं होतं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवत होती.

पातळाची युक्ती लेकीची. मेघना बारामतीत एका फोटो स्टुडिओत कामाला होती. लग्नं-बारशांचे फोटो काढता काढता तिला एका साखर कारखान्याच्या कॅलेंडरचं काम मिळालं, आणि तेही विमानातून. बारामतीच्या धावपट्टीवरून उडायचं, उसाची रानं घ्यायची, उजनीचं पाणी घ्यायचं आणि परत फिरायचं. वाटेत तिच्या गावावर, कळसवर, एक घिरटी मारायला पायलट कबूल झाला होता. वरून सगळी घरं सारखीच दिसतात, तेव्हा ओळखू यावं म्हणून छपरावर काहीतरी पांढरं टाक, असं तिने आईला बजावलं होतं. आपलं घर तिला फोटोत हवं होतं. सारजाला तर ते तिच्याहून जास्त हवं होतं, कारण लेक विमानात बसणार यावर गावात कुणाचा विश्वासच नव्हता.

गावचे पुढारी आबाजी चावडीवर सगळ्यांदेखत बोलले होते की, विमानात बाईमाणसाला कोण बसवतंय? पुण्याचा एखादा फोटोवाला वर जाईल आणि ही खाली त्याची पिशवी धरून उभी राहील.

यावर सारजाने गप्प बसायला हवं होतं. पण लेकीचं कौतुक कुठल्या आईच्या पोटात राहतं? डेअरीत दूध घालताना तिने विमानाचं सांगितलं, घिरटीचं सांगितलं, आणि बोलण्याच्या भरात पातळाचंही सांगून टाकलं.

आता शिडीवरून तिने सभोवार नजर टाकली. शेजारच्या सिंधुबाईने एक सोडून दोन पातळं टाकली होती. द्वारकाबाईच्या छपरावर चादर होती. अख्खी वस्ती पांढरी झाली होती. ओढ्यापलीकडे गावातही धोतरं, गाद्यांच्या खोळी, पोत्यांवर टाकलेला चुना, ज्याला जे सुचलं ते घरांवर चढलं होतं. आबाजींनी तर मांडववाल्याकडून कापड आणून सगळा स्लॅब झाकला होता. त्यांचा विश्वास नव्हता, पण म्हणून फोटोत मागे राहायची तयारीही नव्हती.

विमान खाली आलं. त्याचं एका बाजूचं दार काढलेलं होतं. पट्ट्याने बांधलेलं कुणीतरी त्या दारातून बाहेर झुकलं होतं, डोळ्याला कॅमेरा लावून. सारजाने शिडीवरूनच हात हलवला. विमान गावावर एकदा फिरलं आणि भिगवणच्या बाजूला निघून गेलं.

पुढच्या रविवारी मेघना एसटीने फोटो घेऊन आली. मोठा करून, काच लावून आणला होता. सारजाच्या अंगणात ही गर्दी झाली. आबाजीसुद्धा आले आणि बाजेवर बसले. या अंगणात ते याआधी फक्त मतं मागायला आले होते.

फोटो खरोखर देखणा होता. हिरवी उसाची रानं, मधे पाचट जाळलेले काळे तुकडे, पार कडेला उजनीच्या पाण्याची निळी पट्टी. आणि मधोमध कळस, चुना सांडल्यासारखं पांढरं. रस्त्यावर, गोठ्यांपुढे, छपरांवर मुंगीएवढी माणसं, सगळी वर बघणारी. ज्याने त्याने बोट ठेवून आपलं घर सांगायला सुरुवात केली. एकाच ठिपक्यावर तिघांचे हक्क निघाले. काच बोटांनी मळून गेली.

सारजा वाकून वाकून शोधत राहिली. पांढऱ्यात पांढरं कसं सापडावं? शेवटी तिने लेकीकडे पाहिलं.

मेघनाचा चेहरा पडला. "मलाबी न्हाय घावलं, आई. मी एकच पांढरं घर बगत हुते."

तेवढी एक घिरटी मिळाली होती आणि ती आपलं घर शोधण्यात गेली, याचं तिला फार वाईट वाटत होतं. आईला तोंड कसं दाखवायचं, याच काळजीत ती एसटीत बसली होती.

आबाजींनी मात्र आपला स्लॅब लांबूनच ओळखला. तेवढा मोठा पांढरा चौकोन दुसऱ्या कुणाचा नव्हता. ते खुशीत आले आणि मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "समद्या गावाचा फोटू निघाला सारजाबाई, तुमचंच घर तेवढं ऱ्हायलं."

सारजाने पदराने काच पुसली, सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग फोटो उचलून आबाजींच्या पुढ्यात धरला.

"ऱ्हाऊ द्या की, आबाजी. ह्यात समदं गाव मान वर करून हुबं हाय. तुमी हाय, मी हाय, म्हशीबी हायत." तिने लेकीकडे बोट दाखवलं. "माझी मेघना तेवढी न्हाय."