दुसरी वाटी

शाळेच्या नाटकात माझ्या केयाला थॉमस मोरचं काम मिळालं होतं. मुलगा हवा म्हणून आठव्या हेन्रीने बायको सोडली, पोपचं चर्च सोडलं. सगळा दरबार हो म्हणाला, मोर तेवढा अडून राहिला.

शनिवारी कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या बेसमेंटमध्ये माझं डोहाळजेवण झालं. सासूबाईंनी दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी एक उघडली. पेढा. टाळ्या वाजल्या. मग मी दुसरीही उघडली. तिच्यातही पेढाच.

"अगं, गंमत असते ती," सासूबाई म्हणाल्या. सगळ्या बायका हो हो म्हणाल्या.

केया माझ्या कानाशी लागली. "मम्मा, दे कट ऑफ थॉमस मोर्स हेड, यू नो."

"माहितीये." मी दुसरीतला पेढा काढून ताटातली बर्फी ठेवली. "आई, आता झाका. मी परत उचलते."