मढ्याचं काम
अरे ऐका ना, सिनेमात मी मढं झालो होतो! कर्जतला शूटिंग, आपला जयवंतादादा माझा बाप. साजगावात त्याच्या नकला बघून आपण लोळायचो, तोच पहिल्यांदा गंभीर रोल करत होता. पण तो जवळ आला की मला हसूच यायचं. शॉटवर शॉट फुकट! डायरेक्टर भडकला, “शेवटचा टेक! जमलं नाही तर कॉमेडियन घरी, दुसरा बाप आणा.” माझ्यामुळं दादाचा रोल जाणार! मी ओठ चावून पडलो. दादा पायाशी बसला. वाटलं, गुदगुल्या करतोय. त्यानं माझ्या अंगठ्यांना बांधलेली सुतळी हळूच सैल केली. म्हणाला, “एवढं घट्ट नका बांधू रं, पोराला टोचतंय.” संपलं! मिटल्या डोळ्यांतलं पाणी मला आवरेना. मढंच रडलं रं! डायरेक्टरला कट म्हणवेना. शेवटी नाक पुसत म्हणाला, “मढं बदला. बाप हाच राहील.”