टेकडीचा पत्ता

"तिथं थंडी असंल का हो?" देवकाबाईनं विचारलं.

"चित्रात तर ऊन हाय," मोतीराम म्हणाला.

मे महिना होता. तरी तिनं स्वेटर पिशवीत कोंबला. चित्रकार लोकांचा काय भरवसा, ऊन काढून मोकळे व्हायचे आणि आपण तिथं जाऊन कुडकुडायचं. बाकी पिशवीत औषधाच्या बाटल्याच होत्या. डॉक्टरांनी पोळ्यापर्यंतची मुदत सांगितली होती. सांगितली मोतीरामला, बाजूला घेऊन. पण दवाखान्याचं पार्टिशन प्लायवुडचं होतं आणि देवकाबाईचे कान तेवढे शाबूत होते.

तेव्हापासून तिचं एकच मागणं. ती टेकडी एकदा दाखवा.

मोतीराम आदिलाबादेत दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि चंपतच्या फोटो स्टुडिओतला पडदा. पाट्या पोटासाठी, पडदा जिवासाठी. बेल्यापासून तलमडुगुपर्यंतच्या गावांतल्या लग्नाच्या मुली फोटोला तिथंच यायच्या. मुलगी स्टुलावर, मागं निसर्ग. पावसाळ्यात पडदा बुरसायचा, मग मोतीराम तो नव्यानं रंगवायचा. रंगात घालायचा सरस कढवून द्यायचं काम देवकाबाईचं. जोड दिसू नये म्हणून चंपत पडद्याच्या पायाशी खरी माती पसरायचा.

आधी पडद्यावर ताजमहाल असायचा. मग एकाहत्तर साली, नागपूरच्या एका मासिकाच्या दिवाळी अंकात, मोतीरामला चित्रकार हेमचंद्रांचं चित्र दिसलं. तळहाताएवढं. नुसती एक टेकडी, एका अंगानं खचलेली, म्हैस बसल्यासारखी. शेजारची कथा एका वकिलाच्या खुनाची होती. तिच्यात टेकडीचं नावसुद्धा नव्हतं.

"हे पाहून काढलेलं हाय," तो देवकाबाईला म्हणाला. "मनानं काढली की टेकडी गोल येते. मी लई काढल्या."

त्या वर्षी ताजमहाल गेला. चंपतला मात्र टेकडी फार बोडकी वाटली.

"पोरगी दुष्काळातली दिसून राह्यली, पेंटर. थोडं पाणी टाक ना."

मोतीरामनं पायथ्याशी नदी टाकली, डावीकडं वळलेली. पुढच्या दिवाळी अंकात हेमचंद्रांची तीच टेकडी पुन्हा आली. पायथ्याशी नदी होती. डावीकडं वळलेली.

मोतीरामनं दोन्ही अंक शेजारी ठेवून पाहिले. म्हणजे जागा खरोखरीची होती, आणि त्यानं न पाहता नदी बरोबर ओळखली होती.

पुढं उंदरांनी पडद्याला भोक पाडलं. भोकावर ठिगळ बसलं आणि ठिगळ झाकायला मोतीरामनं चिंचेचं झाड काढलं. वर्षभरानं हेमचंद्रांच्या टेकडीवरही चिंच उभी होती, त्याच जागी.

"तुमाले दिसते तरी कसं?" देवकाबाई म्हणाली. अंक हातात धरून ती नवऱ्याकडं बघत राहिली. लग्नाला तेवीस वर्षं झाल्यावर अशी नजर सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही. मोतीराम दोन दिवस ताठ चालला.

आता ती त्याच अंकाच्या पानांनी वारा घेत आंध्राच्या लाल बसमध्ये बसली होती. मासिकाच्या कचेरीनं हेमचंद्रांचा पत्ता कळवला होता. टेकडीचा पत्ता तेच सांगणार होते.

पांढरकवड्याला तिला ओकारी झाली. तोंड पुसून ती म्हणाली, "नसंल तर?"

"काऊन नसंल? चिंच हाय तिथं. तूच पाह्यली ना."

"लई दूर नसावी फक्त."

नागपुरातलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढायला देवकाबाईला अर्धा तास लागला. दार एका चष्मेवाल्या बाईंनी उघडलं. त्या हेमचंद्रांच्या पत्नी, रमाबाई.

"या. मुलगा की मुलगी?"

"टेकडी," मोतीराम म्हणाला.

रमाबाईंनी क्षणभर विचार केला. "मग ह्यांच्याकडे जा. माझ्याकडे फक्त लग्नं जमतात."

आतल्या खोलीत पलंगावर हेमचंद्र मांडीवर फळी घेऊन बसले होते. पांघरुणाखाली पाय अगदी काटकुळे दिसत होते. बारा वर्षांत जिना उतरलो नाही, असं त्यांनी आपणहूनच सांगितलं, कुणी हवापाण्याबद्दल सांगावं तसं.

मोतीराम हात जोडून उभा राहिला. देवकाबाईला खुर्ची मिळाली. ती धापा टाकत होती.

"आमी आदिलाबादहून आलो जी. तुमची ती टेकडी. माझ्या बायकोले एकदा पाहाची हाय. तिच्याजवळ जास्त दिवस नाईत. कुठं हाय तेवढं सांगा, मी नेतो."

हेमचंद्रांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"आदिलाबादहून आलात, आणि मला विचारता?"

त्यांनी देवकाबाईकडं पाहिलं, मग मोतीरामकडं. थट्टा चाललेली नाही, हे त्यांना पटलं असावं.

"पहिल्या खेपेला मी ती मनानंच काढली. इथं बसून. वाटलं, अशी टेकडी कुठं असणार? दुसऱ्या वर्षी कळलं की आहे! नदीसुद्धा आहे! चिंच तर मला कधी सुचलीच नसती."

त्यांनी उशीखालून एक पाकीट काढलं. "हिच्याकडे स्थळांचे फोटो येतात ना. लग्न जमलं की मी ठेवून घेतो."

सगळ्यांत वरचा फोटो देवकाबाईच्या हातात आला. स्टुलावर एक मुलगी घाबरून बसली होती. तिच्या मागं टेकडी होती, उन्हात. देवकाबाईनं बराच वेळ पाहिलं आणि मग फोटो उलटा केला. मागं जांभळा शिक्का होता. चंपत फोटो स्टुडिओ, आदिलाबाद.

"तुम्ही तिथलेच," हेमचंद्र म्हणाले. "डोळे मिटायच्या आत मला एकदा तिथं न्याल का?"